चरबीतले पांढरे डाग

त्याला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो एका माणसाचा हात मोडत होता.

प्लेग येण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. कल्याणच्या एका लहानशा दवाखान्यात मी हॉस्पिटल असिस्टंट म्हणून नुकताच रुजू झालो होतो. घरून दवाखान्याकडे जाताना बंदराचा रस्ता लागे आणि त्या रस्त्यावर दारूच्या मक्तेदाराची वखार होती. एका सकाळी वखारीपुढे माणसे जमलेली दिसली. एवढी माणसे असून कोणी बोलत नव्हते, म्हणून मी थांबलो. मध्ये एक बैलगाडी उभी होती. गाडीच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये एका किडकिडीत माणसाचा हात कोपरापर्यंत घातलेला होता आणि दोघांनी त्याला मागून धरून ठेवले होते. बैलांच्या पुढे एक धिप्पाड गडी उभा होता. दुधाची वाटी दाखवून मांजराला बोलवावे तसा तो जिभेने चुकचुक आवाज करत बैलांना पुढे बोलवत होता. बैल दोन पावले चालले. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी ऐकला होता, पण तो असा रस्त्यात, उन्हात, स्वच्छ ऐकला नव्हता.

तो धिप्पाड गडी मक्तेदाराचा माणूस होता. सरकारने ताडाच्या झाडांवर कर बसवून दारू-ताडीचा मक्ता एकाच्या हाती दिला, तेव्हापासून परवान्याशिवाय झाडाला मडके बांधणे हा गुन्हा झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या ताडी काढणाऱ्यांना हे पटत नव्हते. पोलीस सगळीकडे पुरत नव्हते, म्हणून मक्तेदाराने आपली माणसे ठेवली होती आणि त्या माणसांत हा सर्वांत जबर. त्याला शिवीगाळ करायची सवय नव्हती. आरडाओरडाही तो करत नसे. मारायचे ते शांतपणे, काम उरकावे तसे मारी, आणि लोक त्यालाच जास्त भीत.

ज्याचा हात मोडला त्याला मी दवाखान्यात नेले. दोन्ही हाडे तुटून बाहेर आली होती. मी हात बसवत होतो तोवर त्याने दात आवळून धरले होते. फळ्या बांधून झाल्यावर त्याने विचारले,

"जुळंल का हात?"

"जुळेल."

"झाडावर चढता येल?"

मी त्याला खरे ते सांगितले. कोपर आता पुरते वाकणार नव्हते आणि पुरते सरळही होणार नव्हते. त्याने प्यायला पाणी मागितले, पाणी पिऊन तो उठला आणि निघून गेला. फौजदाराकडे मी कळवले होते. पण वखारीपुढे एवढी गर्दी असून साक्ष द्यायला एकही माणूस पुढे आला नाही. मी एकटाच साक्षीदार उरलो, आणि ज्याचा हात मोडला तोच म्हणाला की आपण झाडावरून पडलो. तिथे प्रकरण संपले.

पुढे पावसाळ्यात तो मक्तेदाराचा माणूस स्वतःच दवाखान्यात आला. बरोबर त्याची बायको होती. पदराने तिने उजवा कान दाबून धरला होता आणि पदर रक्ताने भिजला होता. कानातली बाळी ओढल्यामुळे पाळी खालपर्यंत चिरली होती.

"नीट शिवा," तो मला म्हणाला. "गावात वाईट दिसतंय."

एवढे बोलून तो ओट्यावर जाऊन विडी ओढत बसला. मी तिला विचारले, "कशाने झालं हे?"

"परले," ती म्हणाली. त्यांच्या गावच्या बोलीत पडले म्हणजे परले.

"पडून कान असा फाटतो का?"

तिने माझ्याकडे पाहिले. तिचे वय पंचविशीच्या आतलेच असावे. खाडीकाठच्या मिठागरात काम केलेल्या बायकांची असते तशी तिच्या पायांची कातडी मिठाने फुटलेली होती. "शिवा तुमी," ती हळू म्हणाली, "तो बायर बसलाय." सुई टोचत असताना तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. जाताना मात्र तिने विचारले की कानाला परत भोक पाडता येईल का. मी म्हटले, येईल, पण थोडे वर. तेवढ्यात बाहेरून त्याने हाक मारली आणि ती गेली.

त्यानंतरच्या शिमग्यात त्याला आजाराने गाठले. सणाच्या दिवसांत तो अखंड पीत होता असे नंतर कळले. दुपारी त्याला गाडीत घालून आणले. बरोबर बायको आणि त्याचा थोरला भाऊ होता. हा भाऊ अंगाने बारीक, बोलायला हळू, मिठागरावर काम करणारा. गाडी दवाखान्यापुढे थांबली तेव्हा रोगी गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसला होता आणि डोके गाडीच्या दांडीवर आपटत होता. दुखणे छातीच्या खाली, बरोबर मधोमध सुरू होऊन थेट पाठीत निघत होते. "भाला घातला," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आमचा शिपाई त्याला उतरवायला गेला तर त्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. शिपायाचा पुढचा दात पडला. बायको पाय धरायला आली तर तिच्या पोटात लाथ बसली आणि ती ओट्याच्या पायरीवर जाऊन आदळली. शेवटी आम्ही चौघांनी त्याला धरले आणि मी मॉर्फियाची सुई टोचली.

त्याचे पोट ताठ होते, नाडी बारीक आणि धावणारी, अंगाला गार घाम. उलटी थांबत नव्हती. डोळ्यांच्या बाहुल्या मी नेहमीच्या सवयीने सुई टोचण्याआधीच पाहिल्या होत्या. त्या मोठ्या झालेल्या नव्हत्या. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याला महत्त्व आले. तो वाचेल असे मला वाटले नव्हते, पण तो वाचला. टर्पेंटाईनचे शेक, अफू आणि पेजेचे पाणी यांवर दुखणे ओसरले. मी त्याला सांगितले, आता दारूचा थेंब घेतलास तर मरशील. तो हसला.

पण त्याचे दुखणे संपले नव्हते. थोड्याच दिवसांत त्याच्या नडग्यांवर लालसर गाठी उठल्या, सुपारीएवढ्या, हात लावू न देणाऱ्या. मग घोट्यांवर, मांड्यांवर, ढुंगणावर. घोटे आणि गुडघे सुजून तट्ट झाले. मला प्रथम उपदंश वाटला, मग गळवे वाटली. एक गाठ मऊ झाली तेव्हा मी पू निघेल म्हणून चाकू लावला. पू निघाला नाही. पातळ, पिवळसर, तेलकट असे काहीतरी वाहू लागले. भांड्यात धरले तर वर तवंग आला. मी बोट बुडवून अंगठ्यावर चोळले. ते वितळलेल्या तुपासारखे गुळगुळीत होते. मी कितीतरी गळवे फोडली होती, असे कधी पाहिले नव्हते. मुंबईच्या वैद्यकीय शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या कोणीही असे काही सांगितले नव्हते.

उभे राहणे त्याला जमेना. ज्याच्या पावलांचा आवाज आला की बंदरावरची माणसे वाट सोडत, तो आता बायकोच्या खांद्यावर भार टाकून मोरीपर्यंत सरकत जाई. एकदा मी मलमपट्टी करत असताना तो रडला. बायकोने डोळे पुसायला पदर पुढे केला, तर त्याने हाताशी असलेले पितळी भांडे तिच्या कपाळावर मारले. तिने कपाळ पुसले आणि भांडे उचलून जागेवर ठेवले.

भावाला ह्या गाठींची भीती बसली. अंगातून तेल गळते म्हणजे कोणीतरी करणी केली, असे त्याच्या मनाने घेतले. एका सकाळी तो गाडी घेऊन आला.

"घरी नेतंव याला," तो म्हणाला.

"घरी नेऊन काय करणार? इथे निदान पट्टी तरी होते."

"डाक्तर, तुमी काय झाला ते सांगा. मंग ठेवतंव."

मी म्हटले, चरबीचा काहीतरी विकार आहे. त्याने मान हलवली आणि भावाला उचलून गाडीत घातले.

त्यांचे गाव खाडीच्या काठी, डोंबिवलीच्या बाजूला होते. तिथे भगताने काय केले ते मी नंतर रोग्याच्या अंगावर पाहिले. त्याने वेताच्या छडीने गाठी फोडल्या होत्या. भूत बाहेर काढायचे म्हणून पाठीवरही छड्या ओढल्या होत्या. मग भगत म्हणाला की घरातल्याच बाईने अन्नातून काहीतरी घातले आहे आणि तेच तेल होऊन बाहेर पडते आहे. घरात बाई एकच होती. तिला नवऱ्याने आयुष्यभर मारले होते हे सगळ्या गावाला माहीत होते, त्यामुळे तिने असे केले असेल हे कोणालाही पटकन पटले. गावाने त्या माराबद्दल एवढे दिवस काही केले नव्हते. आता तोच मार तिच्याविरुद्धचा पुरावा झाला.

नवऱ्याने ताडी मागितली आणि तिने आणून दिली. नाही म्हणायची तिची छाती नव्हती. पुन्हा ते भाल्यासारखे दुखणे उठले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

पोलीस पाटलाने कळवले की विषाचा संशय आहे. फौजदार, त्याचे दोन पोलीस आणि मी बंदरावरून होडीने निघालो. आम्ही गावात पोहोचलो तेव्हा ऊन तापले होते. प्रेत घरात तसेच पडले होते, जवळ कोणी नव्हते. सगळा गाव मिठाच्या कोठाराजवळ होता. तिथे एका खांबाला तिला बांधले होते. पुढे शेगडी होती आणि शेगडीत विळा तापत घातला होता. तिच्या दोन्ही दंडांवर, मांड्यांवर आणि तळहातांवर डाग दिलेले होते. जळलेल्या कातडीचा वास मिठागराच्या चिखलाच्या वासात मिसळला होता. थोरला भाऊ तिच्यासमोर बसला होता आणि त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात विचारत होता, "काय घातला व्हतास? सांग. सांगितलास का सोरतंव."

तिच्या तोंडाला फेस आला होता. ती म्हणत होती, "मी नाय केला. मी नाय केला."

फौजदाराने पुढे होऊन भावाच्या मानेत दंडुका हाणला. तो खाली पडला, पण पडता पडता त्याने विळा उचलला आणि फौजदाराच्या पोटरीवर टेकवला. कापड जळून कातडीला चिकटले. मग पोलिसांनी त्याला जे मारले ते मी थांबवू शकलो नाही. मी ते थांबवायला गेलोही नाही. मी तिच्या हातांचे दोर सोडवत होतो. दोर जळलेल्या मांसात रुतले होते.

परत येताना एकाच होडीत आम्ही सगळे होतो. मध्ये चटईत गुंडाळलेले प्रेत, एका टोकाला हातांत बेड्या घातलेला भाऊ, दुसऱ्या टोकाला ती, आणि माझ्या मांडीवर तिचे दोन्ही तळहात. मी त्यांवर खोबरेल तेल लावून ओल्या फडक्याने झाकले होते. तिला संशयित म्हणून ताब्यात घेतले होते. भावाच्या तोंडातून रक्त येत होते आणि तो ते खाडीत थुंकत होता.

कल्याणच्या बंदराला होडी लागली तेव्हा बातमी आधीच पोहोचली होती आणि काठावर गर्दी होती. गर्दीतून एक माणूस पुढे आला. त्याचा डावा हात कोपरात वाकडा राहिला होता म्हणून मी ओळखला. तो फौजदाराच्या समोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला,

"तिला सोडा. मी मारला त्याला. ताडीत मी धोतरा घातला व्हता."

पुढे होऊन त्याने दोन्ही हात बेडीसाठी धरले. वाकडा हात सरळ होत नव्हता, म्हणून फौजदाराच्या माणसाने तो ओढून सरळ केला.

संध्याकाळी मला चौकीवर बोलावले. कबुली त्याने आपणहून दिली होती, तरी बाईचा त्यात हात होता हे वदवून घेण्यासाठी त्याला मारले होते. जुळलेले हाड पुन्हा त्याच जागी मोडले होते. मी फळ्या बांधत असताना त्याला विचारले,

"तू ताडी त्याच्यापर्यंत कशी पोहोचवलीस?"

"पोचवली."

"कोणाच्या हातून?"

त्याने मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाला, "डाक्तर, मी मारला. एवढा बास हाय."

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून मोठे सर्जन साहेब आगगाडीने आले. वयस्क, घामाने सतत भिजलेला, थोडक्यात बोलणारा माणूस. प्रेतगृह म्हणजे खाडीकडेची एक कौलारू खोली होती. बाहेर मयताचे नातेवाईक जमले होते. आपल्या माणसाला चिरतात म्हणून ते खवळले होते. आम्ही काम सुरू केले आणि थोड्याच वेळात कौलांवर दगड पडू लागले. एक दगड खिडकीतून आला आणि माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरले. साहेबांनी स्वतःचा रुमाल माझ्या कपाळाला बांधला आणि म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याने पाहा. हे पाहण्यासारखे आहे."

पोट उघडताच तांबूस पाणी वाहिले. आतड्यांवर पडद्यासारखी चरबीची झालर असते. धडधाकट माणसात ती पिवळी, चकचकीत असते. इथे तिच्यावर सगळीकडे पांढरे डाग होते, कोणी बोट बुडवून कालवलेला चुना शिंपडावा तसे. काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. चाकूने कापले तर आत खडूसारखे भुसभुशीत. मला वाटले हा सोमल असावा, किंवा खरेच चुना. पण विष पोटात जाते, ते आतड्यांच्या बाहेरच्या चरबीवर कसे जाऊन बसेल? मूत्रपिंडांभोवतीच्या चरबीतही तेच डाग होते. मग साहेबांनी जठर वर उचलले. त्याच्या मागे आडवी पडलेली एक ग्रंथी असते. हल्ली तिला स्वादुपिंड म्हणतात. ती काळी पडली होती, आणि बोट लावले तर सडलेल्या केळ्यासारखी आत गेली.

साहेबांनी बोट पुसले. मग त्यांनी मला नडगीवरची एक न फुटलेली गाठ चिरायला सांगितली. कातडीखालची चरबी विरघळून तेल झाली होती आणि तेलाच्या कडेने तेच पांढरे डाग. नडगीचे हाड फोडले. आतल्या मगजातही डाग.

"विलायतेच्या एका मासिकात वाचले होते," ते म्हणाले. "जर्मन डॉक्टरांनी लिहिले आहे. प्रत्यक्ष मी कधी पाहिले नव्हते."

मग त्यांनी समजावून सांगितले. ह्या ग्रंथीत अन्नातले तूप-तेल पचवणारा रस तयार होतो. तो आतड्यात जावा अशी सोय असते. दारूने किंवा मार लागून किंवा खड्यामुळे ग्रंथी बिघडली की रस आतल्या आत फुटतो. मग तो आधी त्या ग्रंथीलाच खातो आणि पुढे जिथे पोहोचेल तिथली चरबी पचवत सुटतो. चरबीचे तेल होते, आणि त्या तेलाशी शरीरातला चुना मिळून हे साबणासारखे पांढरे डाग उठतात. नडगीपर्यंत, हाडाच्या पोकळीपर्यंत रस कसा पोहोचतो हे त्यांनाही ठाऊक नव्हते. बहुधा रक्तातून, एवढेच ते म्हणाले.

"म्हणजे ह्याला कोणी मारले नाही," मी म्हटले.

"कोणी नाही."

बाहेर दगड पडणे थांबले होते. पोलीस आले असावेत. मी त्या उघड्या देहाकडे पाहत उभा राहिलो. त्याने किती जणांना मारले असेल कोण जाणे. त्याच्या जाडजूड दंडांना, मुठींना काही झालेले नव्हते. फक्त आत, कातडीच्या खाली, तो कित्येक आठवडे जिवंतपणी पचवला जात होता. तो आजार फार क्रूर होता हे मला डॉक्टर म्हणून मान्य करावेच लागते. माणूस म्हणून मला तेव्हा त्याची दया आली नाही.

जठर आणि यकृत तपासणीसाठी मुंबईला गेले. त्यात कसलेच विष सापडले नाही. पण त्याआधीच मी चौकीत जाऊन हात मोडलेल्या माणसाला भेटलो. मला वाटले, ऐकून त्याला सुटल्यासारखे वाटेल.

"धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होतात," मी त्याला म्हटले. "घसा सुकतो, माणूस बरळतो, हवेत दोरे ओढल्यासारखे हात करतो. ह्याचं तसं काही नव्हतं. दवाखान्यात मी पाहिलं, आणि शेवटच्या रात्रीही तो बरळला नाही असं ती सांगते. तू काही घातलं नाहीस."

तो भिंतीला टेकून बसला होता. त्याने बांधलेला हात उचलून मांडीवर घेतला.

"तुमी हे कोनाला सांगू नका," तो म्हणाला.

"साहेबांनी सांगितलंय. तू सुटशील. तीही सुटेल."

"ती सुटू द्या. माझा कशाला काढलात?"

"तुला फाशी व्हायची होती का?"

"मंग त्याला मारला कोनी?"

"कोणी नाही. दारूने आतून बिघडला आणि मेला."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी एक पाऊल मागे सरलो. "कोनी नाय," तो म्हणाला. "मंग माझ्या हाताचा काय?"

मी फळ्यांची गाठ पुन्हा बघितली आणि बाहेर आलो.

दोघेही सुटले. थोरल्या भावाला भावजयीला डाग दिल्याबद्दल आणि फौजदारावर विळा चालवल्याबद्दल ठाण्याच्या तुरुंगात पाठवले. निकाल ऐकताना तो रडला. भावासाठी केले, एवढेच म्हणाला, आणि मला वाटते ते खरेच होते.

सरकारने काहीही ठरवले तरी बंदरावर लोकांनी आपले ठरवलेच होते. हात मोडलेला माणूस ताडीच्या खोपटात गेला की लोक त्याला मध्ये बसवत. कोणी विचारले तर तो धोतऱ्याच्या बिया कशा वाटल्या ते सांगे, आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवे असे. मी एकदा त्याला रस्त्यात गाठून म्हटले, "हे सांगू नकोस. ऐकणारे सगळे तुझे मित्र नाहीत." तो म्हणाला, "डाक्तर, आता मना लोक वाट देतान."

मक्तेदाराने नवी माणसे आणली होती. त्यांनी ही गोष्ट ऐकली, आणि साहेबांचा निर्णय त्यांनाही खरा वाटत नव्हता. भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, त्यांनी त्याला बंदराखालच्या चिखलात ओढत नेले. वर धक्क्यावर माणसे होती. मक्तेदाराची माणसे त्याला वल्ह्यांनी मारत होती. चिखलात पाय रुतल्यामुळे त्याला पळता येत नव्हते. एकच हात वर करून तो डोके झाकत होता. मला कोणीतरी बोलवायला आले आणि मी धावलो, पण मी पोहोचलो तोवर त्याचे तोंड चिखलात गेलेले होते. मी आणि एका होडीवाल्याने त्याला उलटे केले, नाकातोंडातला चिखल काढला. श्वास नव्हता.

त्याचे प्रेत मीच उघडले, त्याच कौलारू खोलीत. प्लीहा फुटून पोट रक्ताने भरले होते, कवटीला भेग गेली होती. कारण शोधायला काही लागलेच नाही. ह्या खेपेस धक्क्यावरच्या माणसांनी साक्ष दिली. का दिली ते मला सांगता येत नाही. कदाचित तो आता त्यांचा माणूस झाला होता. मारणाऱ्यांपैकी दोघे काळ्या पाण्यावर गेले. मक्तेदाराला काही झाले नाही. पुढच्या वर्षी मक्ता पुन्हा त्यालाच मिळाला.

ती बाई त्या सबंध पावसाळ्यात पट्टीसाठी येत राहिली. सुटल्यावर ती माहेरी, टिटवाळ्याजवळच्या एका गावी राहायला गेली होती आणि आगगाडीने यायची. डाग खोल होते. तळहातांची कातडी आखडून बोटे आत ओढली जाऊ नयेत म्हणून मी तिला बोटे रोज ताणायला लावी. त्यात तिला जीव जाईल एवढे दुखे. तरी तिने एक दिवसही चुकवला नाही.

हात मोडलेल्या माणसाला मारल्याचे तिला कळले होते. पट्टी सोडवत असताना तिने विचारले, "तो मना वलखत पन नव्हता. मंग त्यानी तसा का सांगितला?"

"मलाही कळलं नाही," मी म्हटले. "थोडं तुझ्यासाठी असेल. थोडं स्वतःसाठी."

तिने दुसरा तळहात पुढे केला. मग विचारले, "आन माझ्या दाल्ल्याला काय झाला व्हता, ते खरा सांगा." दाल्ला म्हणजे नवरा.

मी तिला साहेबांनी सांगितले ते साध्या शब्दांत सांगितले. पोटातला रस फुटला आणि अंगातल्या चरबीला खात सुटला, पायांपर्यंत, हाडांपर्यंत. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिने विचारले की तेव्हा तो जिवंत होता का. मी हो म्हटले.

"दुखत आसंल."

"खूप दुखत असणार."

"बरा झाला," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचे डोळे भरले, पण ते पुसायला बोटे नीट वळत नव्हती, म्हणून तिने खांद्याला डोळे घासले. मी दुसरीकडे पाहत पट्टी गुंडाळत राहिलो.

दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा आली. तिने पाट लावला होता, एका गाडीवानाशी. माणूस बाहेर बैलांना पाणी पाजत होता. तिच्या कडेवर लहान मुलगी होती, तापाने फणफणलेली. तिच्या स्वतःच्या हाताची बोटे आता जवळजवळ सरळ झाली होती. कानाची पाळी मी शिवली होती तिथे पांढरी रेघ होती आणि तिच्या जरा वर नवे भोक पाडून तिने बारीकशी बाळी घातली होती.

"पोरीला थंडी वाजते," ती म्हणाली. "एक दिवसाआड येते."

हिवताप होता. मी क्विनाईन दिले आणि ते मधातून चाटवायला सांगितले, कारण नुसते दिले तर मूल ओकून टाकते.